किनाऱ्यावरच्या घरात एडिटिंगचा कॉम्प्युटर जोडताना

सुटे पार्ट घेऊन एडिटिंगचा कॉम्प्युटर जोडायचा म्हटलं की बोलणं ग्राफिक कार्डापासून सुरू होतं. वेंगुर्ला, देवगड, गुहागर, हर्णै अशा किनाऱ्यावरच्या गावात राहणाऱ्याने सुरुवात दुसरीकडून करावी, असं माझं ठाम मत आहे. आधी आपलं फूटेज बघावं, मग घरातली वीज आणि हवा बघावी, आणि कार्डाचं नाव त्यानंतर काढावं. लग्नाचं शूटिंग करणारे, शिमग्यातली पालखी, नमन, जाखडी, दशावतार रेकॉर्ड करून ठेवणारे आता गावोगाव आहेत. यातलं बरंचसं पुन्हा शूट करता येत नाही. त्यामुळे मशीन वेगवान असण्याआधी भरवशाचं असायला हवं.

पहिलं काम वही घेऊन बसायचं. गेल्या वर्षभरातल्या चार-पाच फाइली मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये उघडा आणि लिहून काढा: कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) एच.२६४ आहे की एच.२६५, बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारीक) ८ की १०, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती ठेवली) ४:२:० की ४:२:२, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) किती. मोबाइलवर शूट केलेलं असेल तर फ्रेम रेटसमोर ‘व्हेरिएबल’, म्हणजे बदलता, असं दिसतं का तेही बघा. दिसलं, तर लांबलचक क्लिपमध्ये आवाज आणि ओठ हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात. अशी फाइल टाइमलाइनवर टाकण्याआधी हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्राममधून एकसारख्या फ्रेम रेटमध्ये काढून घ्यावी. त्यासाठी नवा पार्ट लागत नाही.

हे लिहून काढायचं कारण असं की दोन्ही कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि त्यामधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. फाइल लहान होते, पण टाइमलाइनवर मागे-पुढे सरकताना प्रत्येक वेळी प्रोसेसरला अलीकडच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब मांडत यावं लागतं. चित्र अडकतं ते बहुतेक वेळा इथे. आणि हा हिशेब हार्डवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या खास भागात होतो की नाही, हे तुमच्या फूटेजच्या प्रकारावर ठरतं.

आता साठवणुकीचं गणित. ४के फूटेज १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) रेकॉर्ड होत असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी. जत्रेतला दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. सहा तास धरले तर एका कॅमेऱ्याचे २७० जीबी आणि दोन कॅमेऱ्यांचे ५४० जीबी. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर दोन प्रयोगही मावत नाहीत, आणि ८ टीबीवर जेमतेम चौदा. जत्रांचा हंगाम कार्तिकापासून पुढे चालतो, मध्ये लग्नसराई येते. आपल्या हंगामाचं हे गणित आधी मांडा. मग कळतं की डिस्कवर किती खर्च होणार आहे. बहुतेकांच्या अंदाजपत्रकात हा आकडा फार कमी धरलेला असतो.

त्यामुळे साठवणूक तीन थरांत ठरवा. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी एक एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डावर बसणारी वेगवान डिस्क), ५०० जीबी पुरते. चालू कामासाठी दुसरी एनव्हीएमई, २ टीबी. झालेलं काम ठेवायला मोठी हार्ड डिस्क. चालू कामाची एसएसडी घेताना टीएलसी प्रकारची मागा. क्यूएलसी प्रकार स्वस्त पडतो, पण तिचा वेगवान भाग भरला की लिहिण्याचा वेग एकदम खाली येतो, आणि आपण एका बैठकीत दोन-अडीचशे जीबी ओतणारी माणसं. सातेक हजार एमबी वेगाचा जो मोठा आकडा खोक्यावर असतो त्याच्या मागे धावू नका. १०० एमबीपीएसचे तीन कॅमेरे एकत्र चालवले तरी सेकंदाला ४० एमबीच्या आत वाचायचं असतं, आणि साधी, जुन्या पिढीची जेन ३ एसएसडी त्याच्या कित्येक पट देते. हार्ड डिस्क मात्र सीएमआर प्रकारची (डेटाच्या ओळी एकमेकींवर न चढवणारी; एसएमआरमध्ये त्या चढवलेल्या असतात) आहे ना, हे मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या तक्त्यात तपासा. एसएमआर डिस्कवर भरपूर फूटेज एकदम लिहायला घेतलं की ती रखडत बसते. कार्ड रीडरही बघून घ्या. कॅमेऱ्यातल्या यूएचएस-१ मेमरी कार्डाची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. प्रत्यक्षात ९० मिळाले तर २७० जीबी उतरायला ५० मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात आपल्याकडे लाइट जाऊ शकते.

बॅकअप हा विषय मी डिस्कच्या खर्चातच धरतो. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम आहे. गावातल्या ब्रॉडबँडवरून टीबीच्या टीबी वर चढवणं अवघड. पण आपल्याकडे गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात चाकरमानी येतातच. एक बाहेरची डिस्क पेटीत नीट बांधून मुंबईच्या घरी पाठवा आणि पुढच्या सणाला ती परत येईल तेव्हा दुसरी द्या. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं तेव्हा एकाच घरात ठेवलेल्या तीन प्रती एकाच पाण्यात जाऊ शकतात, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही.

प्रोसेसर. फूटेज एच.२६५, १०-बिट, ४:२:२ असेल, जे सध्याचे बरेच चांगले मिररलेस कॅमेरे देतात, तर इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या चिपमधलं अंगचं ग्राफिक ते हार्डवेअरमध्ये उलगडतं. या सोयीचं नाव क्विक सिंक. म्हणून मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ यांत किमतीचा थोडा फरक दिसतो आणि दुकानदार ‘कार्ड लावणारच आहात ना’ म्हणून एफ पुढे करतो. त्यात अंगचं ग्राफिक बंद असतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. एडिटिंगवाल्याला तिथे वाचवलेले पैसे फार महाग पडतात. शिवाय कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं तरी अंगच्या ग्राफिकवर मशीन चालू राहतं. सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला किंवा मुंबईला असताना याची किंमत कळते. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या मॉडेलांत अस्थिरतेचा दोष निघाला होता. कंपनीने २०२४मध्ये तो मान्य करून बायोसमधून (मदरबोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) दुरुस्ती दिली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. त्यातला प्रोसेसर घेतलात तर पहिल्याच दिवशी बायोस अपडेट करा, आणि सेकंडहँड घेऊच नका. एएमडीचे रायझन प्रोसेसर उत्तम आहेत. फूटेज ८-बिट ४:२:० असेल तर निर्धास्त घ्या. फूटेज ४:२:२ असेल तर सोबतचं कार्ड विचारपूर्वक निवडावं लागेल.

कार्डाच्या बाबतीत पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा. दाविंची रिझॉल्व्ह रंगकाम, नॉइज काढणं, इफेक्ट हे सगळं कार्डावर टाकतं. तिथे कार्डाची मेमरी कमी पडली की काम थांबतं आणि मेमरी भरल्याचा निरोप येतो. त्याची मोफत आवृत्ती ३८४० बाय २१६० पर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट देते, गावच्या कामाला ते भरपूर आहे. प्रीमियर वापरणाऱ्याला प्रोसेसर आणि क्विक सिंकचा आधार जास्त. केडेनलाइव्ह किंवा शॉटकटवर साधी कापाकापी करणाऱ्याने सुरुवातीला कार्ड न घेता अंगच्या ग्राफिकवरच काम सुरू करावं आणि तो पैसा डिस्क आणि यूपीएसकडे वळवावा. कार्ड घ्यायचं तर ८ जीबी मेमरी ही खालची पायरी, ४के आणि रंगकामासाठी १२ किंवा १६ जीबी बरी. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेची कार्डं एच.२६५ ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडत नाहीत, २०२५मध्ये आलेली ५० मालिका उलगडते. रायझन प्रोसेसर आणि ४:२:२ फूटेज अशी जोडी असेल तर निर्णय या एका ओळीवर करा.

आणि हेही लिहून ठेवा: प्रॉक्सीची सवय लावून घेतली तर मधल्या दर्जाचं मशीनही पुरतं. मूळ फाइलींच्या हलक्या प्रती करून त्यांवर कापाकापी करायची आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाइली जोडायच्या. १०८०पीच्या ३६ एमबीपीएस प्रॉक्सीला तासाला सुमारे १६ जीबी लागतात. प्रॉक्सी रात्री लावून झोपावं.

रॅम ३२ जीबी, १६च्या दोन पट्ट्या. एकच ३२ची पट्टी घेतली तर दुहेरी चॅनेलचा फायदा जातो. २०२५च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव बरेच चढले, म्हणून डीडीआर४ चालणारा मदरबोर्ड आणि घरातल्या जुन्या चांगल्या पट्ट्या हा पर्याय आज विचारात घेण्याजोगा आहे. पण पट्ट्या जुळतात का हे बोर्डाच्या यादीत बघूनच. मदरबोर्डात दोन तरी एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसवायच्या खाचा) हवेत, आणि दुसरा स्लॉट वापरल्यावर साटाचं, म्हणजे हार्ड डिस्क जोडायचं, एखादं पोर्ट बंद पडतं का ते माहितीपुस्तिकेत वाचा. दिव्यांची रोषणाई, वायफायची फुशारकी वगैरेला पैसे देऊ नका.

यापुढची यादी विजेची. इथे घाई करू नका.

वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, आणि हे काम पार्ट मागवण्याच्या आधी. आपल्याकडे खाली जांभा किंवा कातळ. पावसाळ्यात जमीन ओली असते तोवर अर्थिंग बरं दिसतं, एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो. म्हणून तपासणी उन्हाळ्यात करावी. मीटर लावून फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढाच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट दिसले तर ठीक. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला बोट लावल्यावर झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधले (मशीनला वीज पुरवणारा डबा) फिल्टरचे कपॅसिटर थोडा प्रवाह पत्र्याकडे सोडतात, त्याला जमिनीत जायला वाट नसली की तो पत्र्यावरच तरंगत राहतो. त्याच पत्र्याला तुमची हार्ड डिस्क, यूएसबीतून माइक आणि कॅमेरा जोडलेला असतो. रेकॉर्डिंगमध्ये येणारी घरघर कित्येकदा याचीच असते. स्पाइक गार्डचा मोठा भागही अर्थिंगच्या भरवशावर चालतो. नवा खड्डा, नीट इलेक्ट्रोड आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी, एवढं केलं की पुढचे सगळे पार्ट सुरक्षित होतात.

एसएमपीएस ६५० वॅटचा, ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), नावाजलेल्या कंपनीचा. त्याच्या लेबलवर ‘१००-२४०’ व्होल्ट लिहिलेलं असलं पाहिजे. काही स्वस्त युनिटांवर ‘२००-२४०’ असतं. मे महिन्यात संध्याकाळी सगळ्या वाडीचे पंप, एसी आणि पाहुण्यांच्या खोल्या एकाच डीपीवर चालतात तेव्हा दिवे मंद होतात, आणि अशा वेळी दुसऱ्या प्रकारचं युनिट मशीन रीस्टार्ट करतं. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस वापरू नका, मग मशीन कितीही साधं असो.

यूपीएसचा हिशेब वॅटमध्ये करा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. मधला प्रोसेसर पूर्ण ताणात ११७ वॅट, कार्ड १४५ ते १८०, बाकीचं सामान पन्नास आणि मॉनिटर तीस, म्हणजे एक्सपोर्टच्या वेळी लहान यूपीएस काठावर येतो आणि लाइट गेल्या क्षणी बसतो. १००० व्हीए, म्हणजे ६०० वॅटच्या आसपासचा घ्या, शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा, कारण चांगल्या एसएमपीएसमधल्या पीएफसीला (वीज नीट ओढायला लावणारं सर्किट) काही स्वस्त यूपीएसची ओबडधोबड लहर मानवत नाही. यूपीएस यूएसबीने मशीनला जोडा आणि बॅटरी उतरायला लागली की आपोआप बंद व्हायची सेटिंग लावा. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च वहीत धरा. घरात इन्व्हर्टर असेल आणि त्यावर मशीन चालवणार असाल तर तोही साइन वेव्हचा हवा आणि मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं. दुसऱ्या मोडमध्ये लाइट बदलायला लागणारा क्षण मशीनला झेपत नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, त्यानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या बऱ्याच गावांत वीज यायला कित्येक दिवस लागले. त्याला कुठलाही यूपीएस पुरणार नाही. काम सुरू असताना लाइट गेली तर फाइल नीट बंद व्हावी, एवढंच त्याच्याकडून मागायचं.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात कडकडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढा. सोबत लॅनची वायरही काढा. फायबरची काच वीज वाहून आणत नाही, पण राउटरचा अडॅप्टर आणि तिथून मशीनकडे येणारी तांब्याची वायर आणते.

आता हवा. डिस्क आणि बोर्डांच्या माहितीत आर्द्रतेची मर्यादा बरीच वरची दिलेली असते, पण त्यापुढे एक अट असते की दव धरता कामा नये. आषाढात बंद खोलीत आठवडाभर न चालवलेल्या मशीनच्या पत्र्यावर सकाळी बोट फिरवलं की ओल लागते. त्यात खारा वारा मिसळला की स्क्रूच्या डोक्यांवर तांबूस ठिपके येतात आणि कूलरच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी धरते. यावर साधा उपाय म्हणजे पावसाळ्यात मशीन रोज तास-दोन तास चालवणं. आतली ऊब ओल धरू देत नाही. कॅबिनेट जाळीचं चालेल, पण जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर हवा, आणि आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त हवेत, म्हणजे हवा फटींतून न शिरता फिल्टरमधूनच येईल. कूलर हवेचा घ्या. पाण्याच्या कूलरमधला पंप बिघडला की बदली कूलर येईपर्यंत मशीन बंद, हवेच्या कूलरचा पंखा तालुक्याच्या गावीही मिळतो.

मागच्या बाजूच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या सगळ्या लागलेल्या आहेत ना, ते बघाच. कार्ड काढलं-घातलं की एखादी पट्टी हरवते आणि बोटभर उभी फट राहते. तिथून पाल आत जाते. ऊब असते, मुंग्या-झुरळं असतात, तिला अजून काय हवं? एसएमपीएसच्या जाळीतून शिरून दोन टोकांना चिकटलेली वाळकी पाल मी उघडलेल्या मशीनमध्ये पाहिली आहे. शेजारचा फ्यूज काळा पडला होता. पट्टी मिळाली नाही तर पितळेच्या बारीक जाळीचा तुकडा स्क्रूने बसवा.

मशीन ठेवायची जागाही यादीतच येते. समुद्राकडच्या खिडकीसमोर नको, पागोळ्या पडतात त्या भिंतीला लागून नको, आणि जमिनीवर तर नकोच. भिंतीपासून वीतभर लांब, गुडघ्याच्या वर, लाकडी टेबलावर. खाडी किंवा नदी जवळ असेल तर डिस्कांचा डबा माळ्यावर.

मॉनिटरसाठी फार शब्द लागत नाहीत: आयपीएस पॅनेल, एसआरजीबी रंगपट्टा शंभर टक्के, २७ इंच असेल तर २५६० बाय १४४०. त्यापेक्षा चांगल्या बंदिस्त हेडफोनकडे लक्ष द्या. पखवाज आणि झांज एकत्र वाजतात तेव्हा आवाज कुठे फुटला हे मॉनिटरच्या स्पीकरवर कळत नाही, आणि प्रेक्षकाला ते चित्रातल्या चुकीच्या आधी कळतं.

खरेदी कुठून? मुंबईत लॅमिंग्टन रोडला भाव करता येतो आणि पार्ट हातात घेऊन बघता येतो. कुरियरने मागवलंत तर पेटी उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढा. मशीन तिथेच जोडून घेऊन कोकण रेल्वेने आणणार असाल तर जड कूलर आणि ग्राफिक कार्ड काढून वेगळ्या खोक्यात आणा, कारण डब्यातल्या हादऱ्यांनी त्यांच्या वजनाचा ताण बोर्डावर येतो. प्रत्येक बिलावर जीएसटी नंबर आणि पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि दोन्हींचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची बिलं दमट हवेत वर्षभरात पुसट होतात. वॉरंटीसाठी पार्ट कुठे न्यावा लागेल हे विकत घेण्याआधी विचारा. दोन पार्टांत फारसा फरक नसेल तर ज्याचं सेंटर रत्नागिरी, कोल्हापूर किंवा पणजीला आहे तो घ्या.

जोडून झाल्यावर परत करायची मुदत संपण्याआधी मशीनला खरा घाम फोडा. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम खोक्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करून मेमटेस्ट८६ रात्रभर लावा, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सगळ्या डिस्कांची तब्येत बघा, आणि सगळ्यात जड टाइमलाइन दुपारच्या उकाड्यात दोनदा एक्सपोर्ट करा. एक्सपोर्ट चालू असतानाच भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करून बघा. मशीन डगमगलं नाही तर जोडणी बरोबर आहे. जुन्या मशीनमधलं फूटेज नव्या डिस्कवर उतरवलंत तरी दुसरी प्रत मुंबईला पोहोचल्याचा फोन येईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.